चूल थोरल्याची, बिछाना धाकट्याचा

हाब्सबुर्ग घराण्याचा म्हातारा सम्राट मेला आणि त्याच्या दोन पोरांनी आमचा टिरोल मुलूख वाटून घेतला. आम्हाला कोण विचारतो? शिपायांनी खडूची रेष सरळ आमच्या घरातून ओढली. चूल थोरल्याची, बिछाना धाकट्याचा.

तेव्हापासून रेषेपलीकडचा आवाज अलीकडे येत नाही. माझा नवरा कोर्बिनियान चुलीपाशी बोलतो, मला नुसते ओठ दिसतात.

"नोटबुर्गा, तुझी कटकट थांबली," अलीकडे येऊन कोर्बिनियान म्हणाला. "राजांनी एवढं तरी बरं केलं."

रेष रोज वीतभर बिछान्याकडे सरकते. पुसली तरी सरकते.

आज ती पाळण्याखालून गेली. पोर तोंड वासून रडत होती, पण आवाज नव्हता. मी तिला उचलून अलीकडे आणलं, छातीशी धरलं. तिच्या बरगड्या हुंदक्यांनी हलत होत्या. तरी आवाज नाही.

चुलीपाशी कोर्बिनियान दोन्ही कान गच्च दाबून उभा होता.