अर्धं लुगडं

महायुद्धाच्या पाचव्या वर्षी रेशनवरही कापड मिळेना. सरूबाई आणि त्यांची सून अनसूया यांच्याकडे मिळून एकच धड नऊवारी लुगडं उरलं होतं. एक ते नेसून बाहेर गेली, की दुसरी फाटक्यात घरी बसायची.

अनसूयेला शाळेत नोकरी लागली, तेव्हा ती म्हणाली, "नको म्हणून कळवते. तुम्ही दिवसभर घरात कोंडून राहाल."

सरूबाईंनी लुगडं मधोमध दुमडलं आणि कातर चालवली. अर्ध्याला कासोटा येत नाही, गोलच नेसावं लागतं, आणि तसं त्यांनी सुनेला लग्नानंतर कधी नेसू दिलं नव्हतं.

"आत्याबाई, हे काय केलंत?"

"अर्धं तुझं, अर्धं माझं," कापलेली कड दुमडत सरूबाई म्हणाल्या. "आता गोल कसं नेसतात, ते मला दाखव."