दूध संघाची पुस्तिका

दुपारी लाइट गेली आणि कापडाच्या कारखान्यातले सगळे लूम एकदम थांबले. मेघाली नेहमीसारखी बाहेर गेली नाही. वडील, पंढरीशेठ, गेल्यापासून त्यांचा कारखाना तीच बघत होती, पण बंद लूमांची शांतता तिला सोसवत नसे. लाइट जाताच ती रस्त्यावर जाऊन उभी राहायची. आज ती दाराजवळच्या उजेडात, सुताच्या खोक्यावर बसली. पिशवीतून तिने एक पातळ पुस्तिका काढली.

"जरा इकडे येता का सगळे?"

एरवी लूमच्या खडखडाटात इथे हाक मारून काही उपयोग नसे. सगळं काम हातवाऱ्यांनीच चालायचं.

कारागीर आले, पण बसले नाहीत. मुख्तारभाई तर आपल्या लूमलाच टेकून उभा राहिला. नाक्यापलीकडच्या नव्या कारखान्यातून त्या सगळ्यांना बोलावणं आलं होतं. तिथला मालक या धंद्यात मुरलेला होता. उद्या शुक्रवार, सुट्टी. शनिवारी यातलं कोण कोण इथे परत येईल, हे मेघालीला ठाऊक नव्हतं आणि सरळ विचारायचा धीर होत नव्हता.

"आलं परत पुस्तक," गुणाबाई म्हणाली. ती लूमसाठी सुताच्या कांड्या भरायची आणि पंढरीशेठलासुद्धा कधी भ्यायली नव्हती. "अजून किती वाचशील, गो?"

मेघालीने कमी वाचलं नव्हतं. वाचनालयातली व्यवस्थापनाची पुस्तकं झाली, फोनवरची नेतृत्वाची भाषणं झाली. सगळीकडे काचेच्या केबिनी आणि कॉफी. एका पुस्तकाने सूचनापेटी लावायला सांगितलं, म्हणून तिने लावली. आठवड्याने उघडली, तर आत नुसतं कापसाचं तूस. दुसऱ्याने सांगितलं, रोज कामगारांमध्ये हसतमुखाने फिरा. ते तर ती अजून करत होती. ही पुस्तिका तिला रद्दीवाल्याकडे मिळाली होती. कुठल्याशा दूध संघाने आपल्या सुपरवायझरांसाठी छापलेली.

"एकच प्रश्न विचारते," ती म्हणाली आणि तिने वाचलं, "या आठवड्यात तुमचं काम कशामुळे अडलं?" मुख्तारभाईकडे बघून तेच तिने हिंदीत सांगितलं.

मुकादम लडकू तळहातावरची तंबाखू मळत राहिला.

"खरं सांगू?" गुणाबाई म्हणाली. "तुझ्यामुळं."

"माझ्यामुळे?"

"रोज फिरतेस न्हाय का, हसत हसत? तुजा बापूस असा हसत आला की समजायचं, आज कुनाची तरी खैर न्हाय. त्याच्याकडं बघ." तिने मुख्तारभाईच्या दिशेने हनुवटी उडवली. "तू मागं येऊन उभी राहिलीस की धागा तुटतो त्याचा."

मुख्तारभाईने मान खाली घातली. "टूटता तो है," तो हळूच म्हणाला.

सगळ्यांच्या आधी लडकू हसला. बाकीचे मेघालीच्या तोंडाकडे बघत राहिले. ती हसली, तेव्हा सगळा कारखाना हसला.

"मग नाही फिरणार," ती डोळे पुसत म्हणाली. "आणखी?"

मग एकेक निघू लागलं. मागच्या रांगेवरची ट्यूब सारखी लुकलुकते. पाण्याचा माठ पार त्या टोकाला आहे. खिडकीला मारलेली फळी काढली तर वारा येईल.

"मुकादमाला पंखा द्यावा असं लिवलंय का कुठं?" लडकूने विचारलं.

"बघते." मेघालीने पानं चाळली. लडकू जवळ येऊन वाकला.

"आन या म्हशी कशाला?"

तिने चित्रावर हात ठेवला, पण उशीर झाला होता.

"म्हंजे आमाला म्हशींचं वाचून दाखवतेस?"

"म्हशींचं नाही, लडकूकाका. सुपरवायझरचं आहे."

"गुणाबाई, ऐकलं का? आपन म्हशी."

"तू तर भाकड," गुणाबाई म्हणाली.

हे हिंदीत समजावायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा मुख्तारभाई लूम सोडून पुढे आला आणि हसत हसत खाली बसला. मग बाकीचेही बसले.

"वाच आता," लडकू म्हणाला. "जसं लिवलंय तसं वाच. म्हशींसकट."

मेघाली वाचू लागली. एक ओळ मराठीत, मग तीच हिंदीत. एका गोठ्यावर नवा सुपरवायझर आला. तो आला आणि गोठ्यातल्या सगळ्यात गुणी म्हशीने पान्हा सोडणं बंद केलं. त्याने चारा बदलून पाहिला, डॉक्टर आणला. म्हैस ढिम्म.

"रंग आवडला नसंल शर्टाचा," गुणाबाई म्हणाली.

"गप गो," लडकू म्हणाला. "पुढं?"

"मग एके सकाळी," मेघालीने वाचलं, "तो गोठ्याकडे गेला. या वेळी आत न शिरता दारातच थांबला. आणि..."

लाइट आली. ट्यूब लुकलुकत पेटल्या, पंखे हलले. सगळे उभे राहिले. इथे मजुरी विणलेल्या कापडाच्या मीटरवर मिळते. लाइट आल्यावर कुणी बसून राहत नाही. मेघालीने पुस्तिका मिटली.

सगळ्यांच्या पुढे मुख्तारभाई होता. तो आपल्या लूमपाशी पोचला आणि थांबला नाही. सरळ भिंतीपर्यंत गेला, हात वर करून त्याने मेन स्विच खाली ओढला. पंखे मंदावत मंदावत थांबले. तो परत आला आणि होता त्याच जागी मांडी घालून बसला.

"फिर?" तो म्हणाला. "दरवाज़े पे रुका. फिर?"