अर्धा द

अर्ज नामंजूर झाला. दिल्लीहून दोन ओळींचं पत्र आलं. वर राजमुद्रेचे सिंह, खाली सही. पण ते तूर्त विसरून जाऊ. अर्ज अजून टाईपच झालेला नाही.

साल एकोणीसशे नव्व्याण्णव. सदाशिव पेठेत एका जिन्याखाली प्रज्ञेशचं टायपिंगचं दुकान होतं. जिन्याखाली म्हणजे खरोखरच जिन्याखाली. उंच गिऱ्हाईक आलं की प्रज्ञेशला वाकून नमस्कार करतंय असं दिसायचं. भिंतीवर पाटी होती : ‘शुद्धलेखनाची चूक गिऱ्हाइकाची. कॉम्प्युटर चुकत नाही.’

समोरच्या स्टुलावर मंदाकिनीबाई साळवे बसल्या होत्या. निवृत्त नर्स. शेजारी त्यांच्या चर्चचे पाळक रतन ओहोळ, वाकून. तुरुंगात असलेल्या सुदर्शनला सोळा तारखेला फाशी होती. दयेचा अर्ज आजच्या टपालात पडायला हवा होता.

“कैद्याचं पूर्ण नाव?” प्रज्ञेशने विचारलं.

“सुदर्शन नागोराव वानखेडे. वय सव्वीस.”

बाई साळवे, कैदी वानखेडे. प्रज्ञेशने दुसरं लग्न धरलं, काही विचारलं नाही आणि स्वतःच्या समजूतदारपणावर खूश झाला.

“अर्जदाराचं कैद्याशी नातं?”

“ते शेवटी येतं. तू पुढे चल.”

तो पुढे चालला. पाळकांनी घरी लिहून आणलेला मजकूर होता. अक्षर बरं होतं.

“भेटायला जाता का?”

“महिन्यातून एकदा, येरवड्याला. पाळक असतात बरोबर. पहिले पाच महिने तो भिंतीकडे तोंड करून बसायचा.”

“आईसमोर लाज वाटतेच हो.”

“नाताळात करंज्या नेल्या. शिपायाने एक फोडून पाहिली, बाकीच्या यानं खाल्ल्या. मला विचारतो, यात काय असतं?”

“म्हणजे तुमच्या हातच्या करंज्या त्याने आधी खाल्ल्याच नव्हत्या?”

“पहिल्यांदाच.”

काय एकेक आया असतात, असं प्रज्ञेशला वाटलं. तो टाईप करत राहिला.

“मंडळीतल्या अठरांपैकी सातच जणांनी सह्या केल्या,” पाळक म्हणाले. “बाकीचे म्हणाले, शिक्षा देणं सरकारचं काम. सरकारच्या हातात तलवार देवानेच दिलीय. शास्त्रात तेही आहे, बाई. मला नाही म्हणता आलं नाही.”

“दिली असेल. रोज वापरा असं म्हटलंय का?”

पाळकांनी आठवून पाहिलं. “नाही.”

“आणि प्रभूला झाली ती फाशीच ना?”

“क्रूस.”

“सरकारीच ना पण?”

“हो.”

“मग त्याच्यासाठी दयेचा अर्ज कुणी केला?”

“कुणीच नाही,” पाळक म्हणाले. “अर्ज त्यानेच केला. मारणाऱ्यांसाठी.”

प्रज्ञेशच्या घरी बुद्धवंदना व्हायची. हे त्याने पहिल्यांदाच ऐकलं. त्याची बोटं दोन सेकंद थांबली. त्याच्या वेगाला ते फार होतं.

“मुलगा मुळात चांगला असेल,” तो म्हणाला.

“माझा मुलगा फार चांगला होता.”

“होता काय म्हणता? आहे की अजून!”

“सुदर्शन आहे,” बाई म्हणाल्या. “म्हणून तर आलेय.”

“जपून रे बाबा,” पाळक म्हणाले. “एका अक्षराने जीव जायचा.”

“काळजी नको. यंत्राला दयामाया नसते. जे दाबू तेच छापतं.”

प्रिंटर किंचाळला. कागद आला. पहिल्या पानाची शेवटची ओळ होती : ‘फाशी माफ करण्याची आज्ञा दयावी.’

प्रज्ञेशने ‘द्यावी’ दाबलं होतं. त्याने पुन्हा दाबलं. पुन्हा ‘दयावी’.

“नवा फॉन्ट आहे,” तो म्हणाला. “कालच फ्लॉपीवरून घातलाय. यात अर्धा द नाही दिसत.”

“म्हणजे काय?”

“म्हणजे काहीही ‘द्या’ म्हटलं की...” त्याने दाखवायला म्हणून टाईप केलं. काय टाईप करतोय ते करून झाल्यावर कळलं. त्याने ‘फाशी द्यावी’ असं दाबलं होतं.

पडद्यावर आलं : ‘फाशी दयावी.’

तिघंही बघत राहिले. डोक्यावरून कुणीतरी धडधडत जिना चढून गेलं. कॉम्प्युटरवर थोडी धूळ पडली. पाळकांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. बाईंनी पडद्याला हात लावला, पेशंटचा ताप बघावा तसा.

“पुन्हा कर.”

त्याने पाच वेळा केलं. पाचही वेळा दया.

“सरकारकडेही हेच यंत्र असेल का रे?” पाळकांनी हळूच विचारलं.

“सरकारकडे टाइपरायटर आहे,” प्रज्ञेश म्हणाला. आपण खरं बोललो याचं त्याला पहिल्यांदाच वाईट वाटलं. “पेनाने दुरुस्त करून देतो. हाताने अर्धा द नीट येतो.”

“येतो,” बाई म्हणाल्या. “सहा वर्षांपूर्वी मीही काढला होता. कोर्टातल्या अर्जात, याच दोन शब्दांत. चांगला ठसठशीत.” मग म्हणाल्या, “दुरुस्त करू नको. शेवटचा परिच्छेद मी सांगते, तो घे. एकही अक्षर सुधारायचं नाही.”

बाईंनी न अडखळता सांगितलं. अर्ध्यावर प्रज्ञेश उभाच राहिला. डोकं जिन्याला आपटलं. तसाच वाकून त्याने उरलेलं टाईप केलं :

‘तरी सदर सुदर्शन याची फाशी माफ करून, त्याने ज्याचा खून केला त्या माझ्या एकुलत्या मुलाची रिकामी खोली त्यास राहण्यास दयावी, ही नम्र विनंती.’