पहिला दात

लेकीने बाळाला गादीवर ठेवलं, पिशवीतून दुधाची बाटली, लंगोट, खुळखुळा एकेक काढून मांडलं आणि म्हणाली, "आई, निघते मी. बस चुकेल."

"मी अजून हो म्हटलेलं नाही," आई दारातूनच म्हणाली.

"मग काय करू? रजा संपली. नोकरी सोडून घरी बसू?"

खोलीभर छोट्या गाद्या ओळीने घातल्या होत्या, चादरींना एक सुरकुती नव्हती. अर्धी गल्ली आईच्या या पाळणाघरात रांगायला शिकली होती. ताईंकडे पोर सोपवलं की जीव भांड्यात पडतो, असं बायका म्हणायच्या. मग तिच्या मुलाने भांडणात एका माणसाला भोसकून मारलं, पेपरात फोटो आला आणि पाळणाघर बघता बघता रिकामं झालं. तोंडावर कुणी काही बोललं नाही. एकीची सासू राहायला आली, दुसरीची बदली झाली म्हणे.

"गाद्या तर रोज घालतेस," लेक म्हणाली. "कुणासाठी?"

"सवय आहे."

"मलाही तूच वाढवलंस ना? माझं काय वाकडं झालं?"

"त्यालाही मीच वाढवलं."

"त्याच्या रक्तातच होतं ते!" लेक बोलून गेली आणि तिने जीभ चावली.

"रक्त तरी कुणाचं गं?"

बाळाच्या डोक्यावरून हात फिरवून लेक खाली मान घालून निघून गेली.

आई हेच तर रोज घोकत होती. वाढवण्यात चुकलं म्हणावं, तर याच हातांनी वाढवलेली बाकीची पोरं सरळ निघाली. रक्तात खोट म्हणावी, तर बाप बिचारा गरीब गाय होता, कुणाला मोठ्याने हाक मारायचा नाही. मग उरलं कोण? कसाही विचार केला तरी ती येऊन स्वतःपाशीच थांबायची. आणि हे बोलायला घरात दुसरं माणूस नव्हतं.

बाळ कुरकुरलं. ती जागची हलली नाही. मग त्याने भोकाड पसरलं, तेव्हा मात्र पाय आपोआप उचलले गेले. मांडीवर घेताच ते गप्प झालं आणि टकामका बघू लागलं. जन्मलं तेव्हा जो तो म्हणाला होता, "अगदी मामावर गेलाय!" आता तो शब्द कुणी काढत नव्हतं. नाक मात्र मामाचंच होतं, हनुवटीही.

बाळाने तिचं बोट धरलं, तोंडात घातलं आणि करकचून चावलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते वर बघून हसलं.

घाबरलेल्या किती आयांना तिने हसत सांगितलं होतं, "काही नाही गं, दात येतायत."

बोट ओढून घ्यावं? डोळे वटारावेत? की हसून पापा घ्यावा? मुलगा पहिल्यांदा चावला तेव्हा आपण यातलं काय केलं होतं, तेच तिला आठवेना. बोट बाळाच्या तोंडात तसंच ठेवून ती आठवत बसली.