कोरा पिस्टन

आपल्या जुन्या स्कूटरचं इंजिन मिस्त्रीनं जास्त ताकदीचं बांधलं होतं. पिस्टन कोरा होता. सावकाश चालवून रुळवण्याआधी कुणी इंजिन दामटलं, तर परवा मेहुण्यासोबत ठरलेल्या सफरीत पिस्टन घाटातच जाम होऊन चाक अडकणार आणि दोघंही दरीत जाणार.

आणि एकदाही सुरू न केलेलं ते इंजिन रोज घरून जेवून गॅरेजात परत आल्यावर हाताला तापलेलं लागायचं.  संशय मेहुण्यावरच.

"खरं सांग, माझ्या आधी येऊन पळवतोस ना?"

"भाऊजी, किल्ली तुमच्या खिशात, टाकी कोरडी. फुंकर मारून चालवतो की काय?"

"टाकी नंतर रिकामी करत असशील."

आज मिस्त्रीनं इंजिन उघडून पिस्टनच काढला, फडक्यात गुंडाळून घरी आणला आणि जेवणाच्या टेबलावर दोघांच्या मधोमध ठेवला.

"आता पळव बघू!"

मेहुणा पोट धरून हसला. मग दोघं जेवू लागले. मिस्त्रीची नजर मेहुण्याच्या हातांवरून हलली नाही, आणि ते हात ताटापलीकडे गेले नाहीत.

जळक्या ऑइलचा वास आधी मेहुण्याला आला.

"भाऊजी," तो हळूच म्हणाला, "फडक्यातून धूर निघतोय."