समुद्रातली गोगलगाय

“अन् हे कशाचं फूल म्हनायचं?” नंदाबाईंनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला.

“फूल नाही, गोगलगाय आहे. समुद्रातली,” शीतल म्हणाली. “एम. एस्सी.ला माझा हाच विषय होता.”

नंदाबाई म्हणजे मुलाची मावशी. पोरगी पसंत की नापसंत, हे त्या घरात त्याच ठरवत. मुलगा सोमेश्वर पोह्यांच्या बशीत मान घालून बसला होता. शीतलला तो फार आवडला होता. आधी दोनदा फोनवर बोलला, तेव्हा तिचा अभ्यास त्यानं विचारला होता आणि उत्तर ऐकूनही घेतलं होतं. म्हणून तर आज तिनं एवढ्या हौसेनं मोबाइलमधला हा फोटो दाखवायला काढला.

जांभळं अंग, पाठीवर केशरी झुबके. शीतल सांगत सुटली. लहानपणी हिला शंख असतो, मग ती तो टाकून देते. उघड्या अंगानं फिरते, तरी मासे हिच्या वाट्याला जात नाहीत.

“ही डंख मारणारे प्राणी खाते. त्यांचे बरेचसे डंख फुटू न देता गिळते आणि या झुबक्यांच्या टोकांत साठवून ठेवते. मग कुणी हात लावला की तेच डंख त्याला.”

नंदाबाईंनी फोटो पाहिला, शीतलला पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला.

“रामराव, देवानं समदा रंग या किड्यालाच वाटला बघा. तुमच्या पोरीपाशी येईस्तोवर डबा खाली झाल्ता!”

बैठक हसली. सोमेश्वरही हसला, तोंडात पोहे होते तरी. आणि रामराव, पोरीचे सख्खे वडील, तेही हसले. पाहुण्यांना राग यायला नको ना! शीतलनंही हसून मोबाइल परत घेतला.

‘कळवतो’ म्हणून पाहुणे गेले. काय कळवणार, ते सगळ्यांना कळलंच होतं.

आतल्या खोलीत धाकटी मोनाली आरशासमोर उभी होती. मघाशी चहा तिनंच दिला होता, सगळं ऐकलंही होतं. ताईची पावडर तिनं तोंडाला लावली होती आणि आरशावरची ताईची लाल टिकली कपाळाला.

“जाऊ दे गं ताई त्या म्हातारीला. हे बघ, मला टिकली कशी दिसून राह्यली?”

शीतलनं पाहिलं. मोनाली तिच्याहूनही सावळी. घरात हे आजवर कुणी बोललं नव्हतं.

“माझ्या वेळेला डब्यात थोडा तरी रंग असंल,” शीतल म्हणाली. “तुझ्या वेळेला तर देवानं डबा धुऊनच ठेवल्ता.”

मोनाली खळखळून हसली. ताई त्या बाईची नक्कल करतेय, असं तिला वाटलं.

मग तिला आरशात ताईचं तोंड दिसलं. ते हसत नव्हतं. तिनं कपाळावरची टिकली काढली आणि आरशावर होती तिथं परत लावून टाकली.