शेवटची वीतभर लेस

लेकीनं लग्नात डोक्यावर घ्यायच्या जाळीला लेस लावता लावता आईची मान मोडून आली होती. विकतची आणू, असं लेक कानीकपाळी ओरडत होती. पण ऐकेल ती आई कसली. लेस आत्याला अरुंद वाटली, उसवली. मावशीला रुंद वाटली, पुन्हा उसवली. घरात सल्ले ढीगभर, सुई एकच. लेकीला न्यायला गाडी आली तेव्हा कुठे शेवटची गाठ बसली. “घे, सुटले एकदाची.” लेकीनं जाळी उचलली, तसा आईचा गाऊनही वर आला. मांडीवर ठेवून शिवताना शेवटची वीतभर लेस गाऊनसकट शिवली गेली होती. “मुद्दाम केलंस ना?” “मुद्दाम करायला अंगात त्राण लागतं.” बाहेर हॉर्न वाजला. कात्री हाताशीच होती; लेक मात्र खाली बसली आणि नखानं एकेक टाका उसवू लागली. “सावकाश गं,” आई म्हणाली, “जाळी फाटेल.”